गिनी पिगचा चारा आणि तुटवड्याचे दिवस

गिनी पिगला रोज दोन गोष्टी मिळाव्याच लागतात: तंतुमय गवत आणि ‘क’ जीवनसत्त्व. बाकीचे सारे, म्हणजे पाकिटातले गोळी खाद्य, फळांचे तुकडे, दुकानातला खाऊ, कमीजास्त झाले तरी निभावते. गवत मात्र एक दिवस तुटले तरी जनावर आजारी पडू शकते, आणि ‘क’ जीवनसत्त्व दोन-तीन आठवडे मिळाले नाही तर ते उठेनासे होते. तुटवड्याच्या काळातला सगळा विचार या दोन गरजांभोवती फिरतो. भारतात या प्राण्याच्या खाण्याची व्यवस्था बहुतेक घरांत शहरातल्या दुकानावर आणि कुरिअरवर उभी असते. टिमथी हे थंड हवेतले गवत, ते मुख्यतः परदेशातून पाकिटांत भरून येते. गोळी खाद्यही दूरच्या कारखान्यातले असते. साखळीतला एक दुवा तुटला की घरातले पाकीट संपते आणि पाळणाऱ्याला वाटते की आता जनावराला घालायला काहीच उरले नाही. वास्तविक त्याच वेळी घरामागच्या परड्यात त्याचे निम्मे अन्न उगवलेले असते.

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातले रामनगर हे गाव या प्रश्नाच्या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. काळी नदीवरच्या सुपा धरणाखाली गेलेल्या गावांतल्या लोकांच्या पुनर्वसनातून ते आजच्या रूपात वाढले. मराठी आणि कोकणी बोलणारी वस्ती, चारी बाजूंना जंगल, आणि मधून जाणारा बेळगाव-पणजी रस्ता. जवळचे रेल्वे जंक्शन लोंढा. पाळीव प्राण्यांची दुकाने बेळगाव, हुबळी किंवा थेट गोव्यात. म्हणजे गिनी पिगच्या पाकिटाला रामनगरात पोहोचायचे तर उत्तरेकडून खानापूरचा रस्ता मोकळा हवा, नाहीतर पश्चिमेकडून अनमोडचा घाट. रुंदीकरण रखडल्याने खानापूर ते अनमोड हा पट्टा काही वर्षे इतका खराब होता की पावसाळ्यात माल वेळेवर येईल याचा भरवसा नसे. घाटात दरडी कोसळतात आणि जड वाहतूक अधूनमधून बंद ठेवावी लागते. रेल्वेचा मार्गही याच सह्याद्रीतून जातो. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागरजवळ दरड आली आणि मंगळूरहून मुंबईकडे निघालेली गाडी रुळांवरून घसरली. त्याच आठवड्यात कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पुराच्या पाण्याखाली होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर तो महामार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला होता. मुंबई-पुण्याकडून बेळगावात येणारा माल अशा वेळी वाटेतच अडकतो, आणि बेळगावात न आलेले पाकीट रामनगरात येण्याचा प्रश्नच उरत नाही.

मार्च २०२० ची टाळेबंदी हा वेगळ्या जातीचा तुटवडा होता. रस्ते शाबूत होते, पण माणसांना त्यांवर येण्याची मुभा नव्हती. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २४ मार्चच्या आदेशात किराणा, भाजी, दूध यांच्याबरोबर जनावरांच्या चाऱ्याची दुकानेही उघडी ठेवण्याची सवलत होती. कागदावर ही सवलत पुरेशी होती. प्रत्यक्षात चारा म्हणजे गाईगुरांचा, अशीच सर्वांची समजूत, आणि गिनी पिगचे खाद्य विकणारी दुकाने शहरांतही काही काळ बंद राहिली. गोव्यात त्या आठवड्यात काही दिवस किराणा दुकानेसुद्धा बंद होती आणि बेळगावहून जाणाऱ्या भाजीची आवक कोलमडली होती. गोव्याच्या ताटात बेळगावची भाजी असते हे सीमाभागात सर्वांना ठाऊक आहे. गिनी पिगच्या ताटातही तीच असते, याची जाणीव पाळणाऱ्यांना त्या वेळी झाली. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ प्रमाणे पाळलेल्या जनावराला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा आहे, आणि तुटवडा आहे म्हणून ही जबाबदारी मालकाच्या शिरावरून उतरत नाही.

गवतावर एवढा भर का, हे जनावराच्या शरीररचनेत दिसते. गिनी पिगला वीस दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवताच्या काड्या तासन्‌तास चघळल्यानेच ते झिजून मापात राहतात. मऊ खाण्यावर ठेवलेल्या जनावराच्या दाढा वाढून जिभेवर कमान धरतात, मग ते भांड्याजवळ येते, तुकडा तोंडात घेते आणि तसाच खाली टाकते. भूक असून खाता न येणे, ही अवस्था पाहणाऱ्याला ‘आज याला खायचे नाही’ अशी भासते आणि तिथेच दिवस वाया जातो. दुसरे कारण आतड्यात आहे. आतड्यातल्या ऐवजाचा मोठा भाग, निम्म्याहून अधिक, अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, असतो. तिथले जीवाणू तंतू कुजवून त्यांतून ऊर्जा काढतात. ही भट्टी सतत पेटती राहावी लागते. बारा ते चोवीस तास पोटात काही गेले नाही की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, आणि लठ्ठ किंवा गाभण जनावराच्या यकृतात चरबी साचू लागते. माणसाने एक दिवस उपास केला तर बिघडत नाही, गिनी पिगने केला तर डॉक्टर गाठावा लागतो.

‘क’ जीवनसत्त्वाची गोष्ट याहून जुनी आणि जास्त बोधप्रद आहे. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात ग्लुकोजपासून बनवतात. गिनी पिग, माणूस आणि माकडांच्या बऱ्याच जातींमध्ये त्या साखळीतले शेवटचे विकर तयार होत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेच्या राजधानीत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिक हे दोघे खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीसारख्या आजाराचा शोध घेत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवले, तर बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाला. कोबीसारखी ताजी भाजी दिल्यावर तो टळला. प्रयोगशाळेत स्कर्व्ही घडवून आणल्याची ही पहिली नोंद. पुढे १९३२ च्या सुमारास हंगेरीतल्या सेगेड इथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि जोसेफ स्विर्बेली यांनी गिनी पिगवरच चाचणी करून हेक्झ्युरॉनिक आम्ल म्हणजेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचे दाखवले, आणि मग ते भरपूर मिळवण्यासाठी त्यांनी गावातल्याच लाल ढोबळ्या मिरच्यांकडे मोर्चा वळवला. होल्स्ट आणि फ्रॉलिक यांच्या पिंजऱ्यात जे घडले तेच तुटवड्याच्या काळात घराघरांत नकळत घडू शकते. ताजा पाला मिळत नाही म्हणून धान्य, पाव, बिस्कीट, पोळी असे जे हाताशी असेल ते घातले जाते, पोट भरलेले दिसते, आणि तिसऱ्या आठवड्यात सांधे सुजतात.

गरजेचे मोजमाप साधे आहे. मोठे गिनी पिग साधारण ७०० ते १२०० ग्रॅम वजनाचे असते. दर किलो वजनामागे त्याला रोज १० मिलिग्रॅमच्या पुढे ‘क’ जीवनसत्त्व लागते. गाभण, वाढत्या किंवा आजारी जनावराला ३० मिलिग्रॅमपर्यंत लागते. कोरडे अन्न दर १०० ग्रॅम वजनामागे सुमारे ६ ग्रॅम, म्हणजे किलोभराच्या जनावराला दिवसाला ६० ग्रॅम. पाणी दर १०० ग्रॅम वजनामागे १० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त. ओला पाला कमी झाला की पाण्याची गरज वाढते, हे उन्हाळ्यात विसरून चालत नाही.

या आकड्यांवरून रामनगरच्या पावसाळ्याचा हिशोब मांडता येतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने सुमारे १२० दिवसांचे. दोन जनावरे, प्रत्येकी ६० ग्रॅम, म्हणजे साडेचौदा किलो सुके गवत. पायदळी तुडवले जाणारे आणि ओले होणारे धरून वीस किलो. सुक्या गवताच्या मोठाल्या दोन-तीन पोत्यांत हे मावते. ज्या गावात गाईगुरांसाठी गवताच्या गंज्या रचल्या जातात तिथे वीस किलो गवत ही किरकोळ गोष्ट आहे, आणि ते टिमथीच असले पाहिजे असा जनावराचा काही आग्रह नसतो.

तुटवड्याविषयीची नेहमीची कल्पना इथे उलटी होते. पावसाळ्यात रामनगरच्या आसपास हिरवे गवत गुडघ्याएवढे वाढते, तुटवडा असतो तो सुक्याचा. मार्च ते मे सुके गवत आणि पिंजर, म्हणजे भाताचे काड, घरोघरी असते, तुटवडा असतो तो हिरव्याचा. शहरातल्या पुस्तकात ‘साठा करा’ एवढाच सल्ला सापडतो. इथे मात्र अर्धे वर्ष सुक्याची आणि उरलेले अर्धे वर्ष हिरव्याची काळजी वाहावी लागते.

सुके गवत करण्याची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला असतो, गवताला तुरा आलेला किंवा येऊ घातलेला असतो. या टप्प्यावर कापलेल्या गवतात पोषण आणि तंतू दोन्ही बरे असतात, पार पिकून पिवळे पडल्यावर कापलेल्यात नुसती काडी उरते. हरळी, मारवेल, बांधावर लावलेले गिनी गवत, ओहोळाच्या कडेचे पॅरा गवत, हे सगळे चालते. गिनी गवत आफ्रिकेत, काँगो आणि कॅमेरूनसारख्या देशांत, घरगुती गिनी पिगना नेहमी घातले जाते. हत्तीगवत चालते, पण त्यात ऑक्झलेट बरेच असल्याने रोज तेच नको. एका गवताविषयी मात्र सावध राहिले पाहिजे, ते म्हणजे कुसळी. माळावर आणि घाटाच्या उघड्या उतारांवर ते भरपूर असते. त्याची कुसळे एकदा पक्व झाली की टोकदार सुईसारखी हिरडीत, जिभेखाली, डोळ्यांत घुसतात. पायजम्याला चिकटलेली कुसळे काढताना माणसाला जे कळते ते जनावराला तोंडाच्या आतून कळते. कुसळे धरण्याआधी कापले तर गवत वापरता येते, नंतर नाही.

कापलेले गवत पातळ पसरून दोन-चार दिवस उन्हात वाळवायचे आणि दिवसातून दोनदा उलटायचे. संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून आडोशाला ठेवायचे. नीट वाळले की नाही हे हाताला कळते. मूठभर गवत घेऊन पिळले तर काडी कडकन मोडली पाहिजे. नुसती वाकली आणि हाताला गारवा लागला तर ते अजून ओले आहे. साठवलेल्या गवताची परीक्षा निराळी. पांढऱ्या कापडावर एक पेंडी झटकायची. हिरवट भुसा पडला तर ठीक, करडी-काळी भुकटी पडली आणि कुबट वास आला तर ती सगळी पेंडी बाद. बुरशीचे विष, विशेषतः अफ्लाटॉक्सिन, गिनी पिगला फार लवकर बाधते. बुरशी लागलेला भाग काढून उरलेले घालणे, ही काटकसर महागात पडते. गाईला जे चालून जाते ते किलोभराच्या जनावराला चालत नाही.

साठवणीची जागा जमिनीपासून वर हवी. जुन्या घरांतला स्वयंपाकघरावरचा माळा यासाठी उत्तम, कारण खालच्या उबेने तो भर पावसातही कोरडा राहतो. गोणपाटाची पोती बरी. प्लास्टिकमध्ये पूर्ण न वाळलेले गवत बांधले तर ते आतल्या आत घामेजते. श्रावणात गवत सर्द झाल्यासारखे वाटले तर रोजचा वाटा आदल्या रात्री पंख्याखाली किंवा चुलीपासून दोन हातांवर पसरून ठेवला तरी पुरतो.

पिंजर या भागात सर्वांत सहज मिळणारे. त्याची योग्यता नीट समजून घेतली पाहिजे, कारण सगळे त्याच्यावर विसंबण्याचा मोह होतो. पिंजरात तंतू आहेत, पण प्रथिने फार कमी आणि सिलिका जास्त. खाली अंथरायला ते फार चांगले. गवत संपले तर चार-आठ दिवस दात आणि आतडे चालते ठेवण्यापुरते ते उपयोगी पडते. त्यावर महिना काढला तर जनावर खात राहते आणि वाळत जाते. त्यामानाने ज्वारीचा कडबा उजवा. बेळगाव ही मलनाड आणि काळ्या रानाची सीमा असल्याने पूर्वेकडचा कडबा तिथल्या बाजारात येतो. त्याची धाटे गिनी पिगला कठीण जातात, वाळलेली पात मात्र ते आवडीने खाते. कोवळी हिरवी ज्वारी कधीच घालू नये. तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि तिने गुरांना किराळ लागते हे शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. मक्याची हिरवी पाने आणि कणसावरची साले यांना असा धोका नाही. भुईमुगाचा वाळलेला पाला आणि लसूणघास ही द्विदल वर्गातली वैरण पौष्टिक, पण कॅल्शियमने भरलेली. पिल्लांना आणि गाभण माद्यांना ती चालते. मोठ्या जनावरांना रोज दिल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्यात सुके कमी पडले तर ताजे गवत हाच मुख्य आहार करता येतो, मात्र तिथे घाई नडते. सुक्यावर असलेल्या जनावराला एकदम ओला चारा भरपूर घातला की हगवण लागते. पहिल्या दिवशी चिमूटभर आणि मग आठ-दहा दिवसांत वाढवत पूर्ण. गवत झटकून, पंख्याखाली वरचे पाणी सुकवून द्यायचे. कापलेल्या ओल्या गवताचा ढीग करून ठेवला तर काही तासांत तो आतून गरम होतो आणि आंबतो. तसे गवत घालू नये. कुठून कापायचे हेही महत्त्वाचे. काळी व्याघ्र प्रकल्पाच्या संरक्षित जंगलात चारा कापायला जाता येत नाही, आणि जाण्याची गरजही नाही. परडे, बांध, स्वतःचे शेत पुरते. जंगलाच्या कडेच्या गवताविषयी आणखी एक कारण आहे. उत्तर कन्नड जिल्हा, गोव्यातला सत्तरी आणि सिंधुदुर्गातला दोडामार्ग या पट्ट्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत, आणि तो ताप गोचिडीच्या पिल्लांमार्फत पसरतो. डिसेंबर ते मे हा त्याचा मोसम. त्या दिवसांत रानातला पालापाचोळा आणि गवत घरात, मुलांच्या हाताखाली असलेल्या पिंजऱ्यात आणणे टाळावे.

ओल्या पाल्याकडे वळले की ‘क’ जीवनसत्त्वाचा हिशोब सुरू होतो आणि तिथे आकड्यांना फसायला होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत आवळ्यात १०० ग्रॅममागे ६०० मिलिग्रॅम दिलेले असे. २०१७ च्या नव्या तक्त्यांत ते २५० च्या आसपास आहे. शेवग्याच्या पाल्याचा आकडा २२० वरून निम्म्यावर आला. कोथिंबिरीचा १३५ वरून पंचविसाच्या खाली. फक्त पेरू दोन्हीकडे २०० च्या वर टिकून आहे. वाण, ताजेपणा आणि मोजण्याची पद्धत यांमुळे असे फरक पडतात. तुटवड्यात हिशोब करताना नेहमी लहान आकडा धरावा. कोथिंबिरीच्या चार काड्या घातल्या म्हणजे गरज भागली, ही समजूत त्यामुळे सोडून द्यावी लागते.

लहान आकडे धरूनही रामनगरात गरज सहज भागते. पेरूची १५ ग्रॅमची फोड, म्हणजे अंगठ्याएवढी, ३० मिलिग्रॅम देते. ढोबळ्या मिरचीचा २५ ग्रॅमचा तुकडा २० मिलिग्रॅम देतो आणि त्यात साखरही कमी, म्हणून रोजच्यासाठी तीच पहिली पसंती. आवळ्याची पाच ग्रॅमची चकती १२ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. आंबट-तुरट चवीमुळे काही जनावरे तो नाकारतात, तेव्हा किसून मिरचीच्या तुकड्यावर चोळून दिला जातो. आवळ्याच्या या गुणाची परीक्षा माणसांवरही झालेली आहे. १९३९-४० मध्ये तेव्हाच्या पंजाबातल्या हिस्सार भागात दुष्काळ पडला तेव्हा स्कर्व्हीवर आवळा वापरला गेला आणि तो लागू पडला. शेवग्याचा पाला सर्व ऋतूंत मिळतो आणि झाड एकदा लावले की पाणीही मागत नाही. कॅल्शियम जास्त असल्याने तो आठवड्यातून दोनदा, एखादी डहाळी, एवढाच. मुळ्याचा पाला, नवलकोलाची पाने, कोबीची बाहेरची पाने यांतून थोडे-थोडे मिळते. कोबीवर्गीय पाने जास्त झाली तर वायू धरतो. पालक आणि माठ यांत ऑक्झलेट असते, म्हणून अधूनमधून.

बेळगाव-खानापूर भागात रताळ्याचे पीक मोठे आहे. रताळ्याच्या वेलाची पाने गिनी पिगला चालतात, कंद मात्र पिष्टमय असल्याने नको. जोयडा तालुका कंदमुळांसाठी प्रसिद्ध आहे, इथल्या कुणबी घरांच्या परड्यांत अळवाच्या जाती जपलेल्या असतात. ही पाने मोठी, हिरवीगार, पावसात हवी तेवढी. नेमकी तीच सर्वांत धोक्याची. कच्च्या अळवात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, माणसाच्या घशाला खाज सुटते ती त्यांनीच. माणूस अळू चिंच घालून शिजवतो. गिनी पिगला शिजवलेले देताच येत नाही आणि कच्चे देता कामा नये. सुरण आणि शेवळे यांनाही हेच लागू. घाणेरी, जिला टणटणीही म्हणतात, गावाच्या कडेने सर्वत्र पसरलेली आहे. तिची पाने यकृत निकामी करतात, आणि हे पालमपूरच्या पशुवैद्यक संशोधकांनी गिनी पिगवरच अभ्यासलेले आहे. गाजरगवत, रानमोडी, धोतरा, रुई, कण्हेर, जंगलातले नेचे हे सगळे वर्ज्य. कांदा, लसूण, बटाटा आणि त्याचा पाला हेही वर्ज्य.

उन्हाळ्याचा तिढा सोडवायचे दोन मार्ग आहेत. पहिला मोरीच्या पाण्यावर वाढणारी हरळी. साबणाचे पाणी दुसरीकडे वळवून नुसत्या धुण्या-विसळण्याच्या स्वच्छ पाण्यावर दोन हात जागेत हरळी राखली तर एका जनावराचे रोजचे मूठभर हिरवे भागते. दुसरा मार्ग रुजवणाचा. घटस्थापनेला परडीत धान्य रुजवतात तसेच गहू किंवा मका पातळ थरात रुजवला तर आठवड्याभरात हाताच्या बोटाएवढे हिरवे अंकुर तयार होतात. दर दोन दिवसांनी एक परडी पेरली की साखळी तुटत नाही. मे महिन्याच्या दमटपणात मुळाशी बुरशी धरते, म्हणून अंकुर वरून कापून द्यायचे, मुळांची गादी टाकून द्यायची. याच मोसमात काजूची बोंडे गावात मुबलक असतात आणि त्यांत ‘क’ जीवनसत्त्व पेरूच्या तोडीचे असते. मात्र बीच्या कवचातले तेल त्वचा भाजणारे आहे. बीपासून दूरची, धुतलेली, नखाएवढी चकती, आणि तीही दुसरे काही नसताना, यापलीकडे जाऊ नये.

गोळी खाद्याचा तुटवडा हा सर्वांत जास्त बोलला जाणारा आणि खरे तर सर्वांत कमी काळजीचा. गवत आणि पाला व्यवस्थित असेल तर मोठ्या, निरोगी जनावराचे गोळ्यांवाचून अडत नाही. घेऊन ठेवायचे तरी त्यातले ‘क’ जीवनसत्त्व उत्पादनापासून साधारण तीन महिन्यांत बरेच कमी होते, म्हणून वर्षभराचा साठा करणे व्यर्थ. सशाच्या गोळ्या अडीअडचणीला चालतात, पण त्यांत ‘क’ जीवनसत्त्व घातलेले नसते आणि काहींत औषध मिसळलेले असते. पाकिटावरचे वाचूनच घ्यावे. गुरांची पेंड आणि कोंबडीचे खाद्य या जनावरासाठी नाहीत. पेंडीत युरिया असू शकतो, शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचे विष. भात, पोळी, बिस्कीट, दूध यांनी आतड्यातले जीवाणू बिघडतात.

‘क’ जीवनसत्त्वाच्या औषधी गोळ्या हा शेवटचा आधार. २०२० मध्ये माणसांनीच त्या घाऊक घेतल्या आणि दुकानांत त्या मिळेनाशा झाल्या, म्हणून एवढ्या एका आधारावर राहू नये. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा विसावा भाग २५ मिलिग्रॅम होतो, तो चुरून मिरचीवर टाकावा. पिण्याच्या पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व दिवसभरात बरेचसे नासते आणि चव बदलल्याने जनावर पाणी कमी पिते. अनेक जीवनसत्त्वांच्या एकत्र गोळ्या अजिबात नकोत, त्यांतल्या ‘अ’ आणि ‘ड’ ची मात्रा या आकाराच्या जनावराला विषारी ठरू शकते.

हे सगळे उपलब्ध असूनही एक अडचण उरते आणि बरीच घरे तिच्यापाशीच अडतात. गिनी पिगला लहानपणी जे मिळाले तेच अन्न म्हणून ओळखता येते. मोठेपणी अनोळखी गवत समोर ठेवले तर ते उपाशी बसते. पाकीट संपल्यावर ओळख करून द्यायला गेले तर उशीर झालेला असतो. म्हणून पाकीट भरलेले असतानाच मारवेल, हरळी, मक्याची पात, कडबा यांचा थोडा थोडा वाटा नेहमीच्या खाण्यात असावा. अँडीज पर्वतातल्या घरांत, जिथे हा प्राणी हजारो वर्षांपूर्वी माणसाळला, तो मक्याची ताटे, लसूणघास, बार्लीचे काड आणि स्वयंपाकघरातली साले यांवर वाढतो. आज हे, उद्या ते, असेच त्याचे खाणे. पाळीव जनावराचा एकाच गवतावरचा हट्ट आपण लावलेल्या सवयीतून येतो.

खाणारी तोंडे वाढू न देणे हाही तुटवड्याच्या तयारीचाच भाग. मादी चार-पाच आठवड्यांची झाली की गाभण राहू शकते, गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, आणि विल्यावर काही तासांतच ती पुन्हा माजावर येते. मे महिन्यात एकत्र ठेवलेल्या जोडीला ऐन पावसाळ्यात पिल्ले होतात, तीही गाभणपणी वाढलेल्या गरजेसह. नर आणि मादी वेगळे ठेवणे, हे पावसाळ्याआधीचे काम.

तुटवड्यात जनावर नीट खात आहे की नाही हे डोळ्यांपेक्षा तराजू लवकर सांगतो. स्वयंपाकघरातला साधा काटा पुरतो. एरवी आठवड्यातून एकदा, खाणे बदलताना दिवसाआड वजन करावे. ९०० ग्रॅमचे जनावर ८५० वर आले तर खाणे तपासायचे, ८१० वर आले म्हणजे दहावा भाग गेला, आता थांबायचे नाही. लेंड्याही बोलतात. त्या लहान, कोरड्या आणि थोड्या झाल्या तर पोटात कमी जाते आहे. स्कर्व्हीची सुरुवात अंगावरचे केस राठ होण्याने आणि उचलताना जनावर किंचाळण्याने होते. मग मागचे पाय ओढत चालणे, गुडघे सुजणे, हिरड्यांतून रक्त. या टप्प्यावर नुसती मिरची पुरत नाही.

खाणे पूर्ण थांबलेल्या जनावराला हाताने भरवावे लागते. गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, गाळून, पातळ खिरीसारख्या करायच्या. गोळ्या नसतील तर सुके गवत मिक्सरमध्ये अगदी बारीक करून, चाळून वापरता येते. सुई काढलेल्या सिरिंजने दातांच्या बाजूच्या फटीतून एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर सोडायचे आणि गिळल्याशिवाय पुढचे द्यायचे नाही. दर तीन-चार तासांनी असे १० ते १५ मिलिलिटर, रात्रीसुद्धा. हे करत असतानाच डॉक्टरशी बोलणे झाले पाहिजे. गावातले सरकारी पशुवैद्यक प्रामुख्याने गुरे पाहतात, म्हणून बेळगाव किंवा हुबळी-धारवाडकडचा, ससे आणि गिनी पिग तपासणारा डॉक्टर रस्ते चालू असतानाच शोधून, त्याचा नंबर घरात लिहून ठेवलेला असावा. घरातल्या माणसांच्या औषधांतले अँटिबायोटिक स्वतःहून देऊ नये. पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीन तोंडावाटे दिल्यास आतड्यातले उपयोगी जीवाणू मरतात, आणि काही दिवसांत जनावर दगावू शकते.